बेचाळीस, टोटल मिळाली

सूर्य कॅनॉलपलीकडच्या उसात बुडायला लागला, की आमच्या वस्तीवर एक माणूस फिरायला लागतो. पायात काळे बूट, खाकी पँट घोट्यापाशी दुमडलेली, वर बंडी. दारात उभा राहतो, आत डोकावतो, माझ्याकडं बोट करतो आणि म्हणतो, "एक."

बस्स. राम राम नाही, चहा नाही. पुढच्या दारात जातो.

माझी सून पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, मतदार यादीवाला आला. तिनं पळत जाऊन आधार कार्ड आणलं. तो म्हणाला, "कार्ड नको, बाय. तू दिसतीस तेवढं बास. पाहुणी. वरची एक." आणि गेला. सून मला विचारते, "मामा, हे कोण?" मी म्हटलं, "हा आमचा गुलाबतात्या. ह्यानं मोजल्याबिगर आमच्यात दिवस मावळत न्हाय."

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात, कॅनॉलच्या कडंला आमची नऊ घरं. शेवटाला लिंबाचं झाड, आणि लिंबापलीकडं जरा सुटं असं तात्याचं घर. नऊ घरं मोजून झाली की तात्या लिंबाखाली उभा राहतो आणि कॅनॉलच्या पाण्यावरून पलीकडं ऐकू जाईल असा ओरडतो, "बेचाळीस! टोटल मिळाली! बंदी न्हाय!"

हे 'बंदी न्हाय' काय ते सांगतो. तात्या तीस वर्षं तुरुंगात होता. चोर म्हणून नाही, शिपाई म्हणून. गाव त्याला जेलर म्हणतं, त्याचा त्याला राग येतो. "जेलर खुर्चीवर असतो. मी गजाला टेकून उभा व्हतो. आत म्हंजे आत, आबा. त्यास्नी सजा व्हती, मला पगार व्हता." तिथं रोज संध्याकाळी कैद्यांची गिनती व्हायची आणि आकडा जुळला की बराकींना कुलपं लागायची. त्याला बंदी म्हणतात. तात्या रिटायर होऊन आला तो गिनती घेऊन आला, बंदी तिथंच ठेवून आला.

गिनतीत कुणी कमी लागलं तर लगेच फोन. आमच्यातला एक गडी बारामतीला पिक्चरला बसला होता. तात्याचा फोन गेला.

"कुठं हायस?"

"थेटरात हाय, तात्या. हळू बोला."

"कोन हाय संगं?"

"कुनी न्हाय."

"मग तितं एक धर. हितं वजा करतो."

बोलणंसुद्धा तुरुंगातलं. कुणाची सून माहेरी गेली की ती पॅरोलवर. नवं लग्न झालेला कच्चा कैदी, पोरं झाली की पक्का. म्हातारं माणूस दवाखान्यातनं घरी आलं की त्याचा जामीन झाला. आणि कुणी मेलं की तात्या हात जोडून म्हणतो, "सुटला."

पण कुलपाचं नाव त्याच्यापुढं काढायचं नाही. रिटायर होऊन आला त्याच आठवड्यात त्यानं घराचे सगळे कडीकोयंडे उचकटून काढले. पुढचं दार, मागचं दार, न्हाणी, संडास. दार आपलं वाऱ्यानं उघडतं, वाऱ्यानं मिटतं. आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळायचं कसं? तर तात्या आत बसला की मोठ्यानं पाढे म्हणतो. बाहेर वाट बघणाऱ्यानं समजून घ्यायचं. बारा दाहे वीसासे ऐकू आलं की आता निघणार.

ह्या कडीपायी त्याची बायको गेली. मेली नाही, इंदापूरला लेकीकडं गेली. रखमावैनीनं तीस वर्षं वाट बघितली, की नवरा एकदाचा रिटायर होतो आणि घरी येतो. आला आणि न्हाणीची कडी काढली. बिचारीनं महिनाभर दाराला हंडा लावून अंघोळ केली. मग एक दिवस पिशवी भरली. "न्हाणीला कडी लावा, मग येती," म्हणाली. ह्याला सहा वर्षं झाली.

तात्या दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इंदापूरला जातो. त्याला तो 'मुलाखत' म्हणतो. पिशवीत पेरू, नाहीतर भेळ. लेकीच्या घरी जायचं, वैनीसमोर बसायचं, वीस मिनिटं बोलायचं आणि उठायचं. वैनी म्हणते, "अवो, च्या टाकलाय." हा म्हणतो, "टाइम झाला. पुढच्या मुलाखतीला घीन." तुरुंगात मुलाखत वीस मिनिटांची असायची म्हणे. मी त्याला एकदा म्हटलं, "तात्या, तितं कोण घंटा वाजवतंय तुझ्या उरावर?" तर म्हणाला, "सवय हाय, आबा." कडी का लावत नाहीस, विचारलं की तो उठून जातो. मी ते विचारायचं सोडून दिलं.

तुरुंगावर मात्र तो तासभर बोलतो. एकदा ग्रामसभेत उठला आणि म्हणाला, "ठराव मांडतो. देशातले समदे तुरुंग बंद करावेत आन त्या जागंवर शेवगा लावावा." सगळी सभा हसली. ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, "तात्या, आपल्या गावात तुरुंगच नाही, ठराव कसा घेऊ?" तात्या म्हणाला, "म्हणून तर हितनं सुरू करा. सोपं जाईल."

आणि त्यानं सुरू केलंच. बांधाचं भांडण असो, पाण्याची पाळी चोरलेली असो, कुणी कुणाचं डोकं फोडलेलं असो, चौकीची पायरी चढायच्या आधी तात्या दोघांना लिंबाखाली बसवतो आणि तीन गोष्टी विचारतो. "काय मोडलं? कुनाचं मोडलं? सांधनार कोन?" ज्यानं दुसऱ्याची पाण्याची पाळी चोरली, त्याला त्यानं त्या माणसाच्या रानात दोन पाळ्या दारं धरायला लावलं. चिखलात उभा राहून राहून तो गडी असा वैतागला की परत कुणाच्या पाण्याकडं बघितलं नाही. सगळेच न्याय जमतात असं नाही. एकाच्या शेळीनं शेजाऱ्याची कोथिंबीर खाल्ली. तात्यानं निकाल दिला, पंधरा दिवस शेळीचं दूध शेजाऱ्याला. शेळी भाकड निघाली. वर तिला धार काढायला बांधली तिथं तिनं राहिलेली कोथिंबीर खाल्ली. तो न्याय फसला. तात्या म्हणाला, "फसू दे. शेळी आत टाकली असती तर दूध आलं असतं व्हय?"

आता माझं सांगतो.

माझी बायको हौसा. अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. तात्या संध्याकाळी दारात येऊन "दोन" म्हणाला, की ती चुलीपासनं ओरडायची, "तात्या, ह्यांस्नी अर्धंच धरा. मला दीड धरा." टोटल तीच यायची, म्हणून तात्याची काही तक्रार नसायची. रोजचं होतं हे. रोज ती हसायची.

ती गेली. साखर वाढली, मग किडनी, मग बारामतीचा दवाखाना, अन् मग काही नाही. घरी आणली तेव्हा तात्या पुढं आला, हात जोडले आणि सवयीनं बोलून गेला, "सुटल्या वैनी."

माझं टाळकं सरकलं. "सुटल्या? माझी बायको काय तुरुंगात व्हती व्हय रं, भाड्या? चल नीघ हितनं!" मयताच्या दारात मी त्याला शिवी दिली. तो मागं जाऊन लाकडं फोडायला लागला.

संध्याकाळी आला आणि लांबूनच बोट केलं. "एक." मी बघितलं नाही त्याच्याकडं. पण आकडा कानात गेला. हौसेच्या मोजणीनं तर मी एकसुद्धा नव्हतो, अर्धाच उरलो होतो. त्या दिवशी लिंबाखालनं तात्या ओरडला, "बेचा–" आणि थांबला. मग हळू आवाजात "एक्केचाळीस" म्हणाला. टोटल मिळाली असं म्हणाला नाही.

दहाव्याला नीरा नदीवर गेलो. वस्ती झाडून आली होती, तान्ह्या पोरासकट. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेला होता, आमच्याकडं बघत होता, पण खाली येईना. पोरगा म्हणाला, "आई, मी दर महिन्याला येत जाईन." कावळा हलला नाही. त्यालाही पटलं नसावं. बहीण म्हणाली, "वैनी, दादाच्या जेवणाचं आमी बघू." नाही. मी म्हटलं, "तंबाखू सोडतो." कावळ्यानं पाठ फिरवली. दीड तास गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

ह्या दीड तासात तात्या घाटावर काय करत होता? मोजत होता. बायका रडतायत आणि हा बोट करत फिरतोय. बहीण म्हणाली, "लाज हाय का ह्याला?" तो एकदा मोजून आला, परत मोजून आला आणि माझ्या पोराला विचारायला लागला, "ट्रॅक्टरवाला पोपट कुठाय? एक कमी लागतोय." त्याच्याकडं कोण लक्ष देतंय.

घरी आलो, अंघोळीला मागं न्हाणीकडं गेलो, तर बंब नाही.

तांब्याचा बंब. हौसेच्या बापानं लग्नात दिलेला. जागेवर काळा गोल डाग, थोडी राख, चार चिपाडं. बास. सगळी म्हणाली, म्हणून कावळा शिवत नव्हता, बाईचा जीव बंबात अडकला होता. मला ते खरं वाटलं. अजून वाटतं. ती घाटावर असती तर निम्म्या विधीतनं उठून घरी पळत आली असती.

पोरगा म्हणाला, "आप्पा, गिझर बसवून देतो. बटण दाबलं की पाणी." मी म्हटलं, "तुझा गिझर तुझ्या घरी ठेव."

त्या दिवसापासनं तात्या गिनती झाल्यावर घरी न जाता पोपटाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. हा पोपट आमच्यापासनं चौथ्या घरातला. चाळिशी उलटलेली, दोन पोरींचा बाप. सीझनला कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि सीझन संपला की बाटलीवर. तात्या नुसता बसायचा. बोलायचा काही नाही. तिसऱ्या दिवशी पोपटानं हात जोडले. "तात्या, शिव्या द्या, मारा, पन बोला कायतरी."

"मी कशाला बोलू? घाटावर एक कमी व्हता. आता तू बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या त्याला घेऊन माझ्या दारात. पोपटानं पाय धरले. दारूपायी केलं म्हणाला. बंब इंदापूरच्या एका भंगारवाल्याला घातला होता. दोघं तिथं जाऊन आले होते, पण बंब केव्हाच चेपून पुढं गेलेला. राहिली होती फक्त तोटी, पितळेची. ती पोपटानं खिशातनं काढून माझ्या पायापाशी ठेवली.

मी काठी उचलली. तात्या मधे आला.

"आबा, काय मोडलं?"

"तुझ्या तीन गोष्टी कॅनॉलात घाल! ह्याला आत टाकनार मी. चौकीत जानार."

"किती दिस ठेवायचा आत?"

"मरंपतूर!"

"मग बंब येईल?"

"न्हाय आला तर न्हाय आला. ह्याला गजाआड बगीन आन मग मरीन."

तात्या खाली बसला. म्हणाला, "मी तीस वर्सं मानसं मोजली, आबा. एकालाबी कुनी इचारलं न्हाय, की बाबा, तू ज्याचं मोडलंस तो आता कसा हाय, काय खातो, झोप लागती का त्याला. मोडनारा माझ्या बराकीत आन मोडलेलं त्याच्या घरात, जितल्या तितं. सांधाया कुनी जातच न्हाय."

मी म्हटलं, "बायको तुझी न्हवती मेली."

सकाळी मी टोपी घातली आणि वडापच्या जीपकडं निघालो. बघतो तर तात्या मागं. आणि तात्याच्या मागं पोपट.

"तू कुठं रं?"

"चौकीत. माझ्यावरच केस हाय न्हवं? आन तुमचा गुडगा धरलाय, चढाउतरायला कोन हाय तुमाला?"

जीपमध्ये पोपट माझ्या आणि तात्याच्या मधे. माझी काठी त्याच्या हातात. मी म्हटलं, "आन ती काठी. ती तुझ्या पाठीत घालायची हाय मला." तो म्हणाला, "उतरल्यावं घाला, आबा. आता गाडी हलतीया, दुसऱ्याला लागंल." तात्या खिडकीतनं बाहेर बघत होता. मधेच मागं वळून म्हणाला, "सतरा. डायवर धरून अठरा." ड्रायव्हर दचकला, त्याला वाटलं आरटीओचा माणूस.

बारामतीत चौकीपुढं पोपटानंच मला दंडाला धरून उतरवलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आत एक बाई हवालदार, माझ्या लेकीएवढी असेल. पाणी दिलं. पेन उघडलं. म्हणाली, "बोला आबा, काय चोरीला गेलं?"

"बंब."

"वर्णन सांगा. कसा होता?"

मी म्हटलं, "तांब्याचा. एका अंगाला पोचा. पोरगं लहान असताना त्यावर पडलं, त्याचा पोचा. वर तिच्या बापाचं नाव कोरलेलं. तोटी जरा गळायची. ती खाली तांब्या ठेवायची, वाया जायला नको म्हणून. पहाटं उठून चिपाडं घालायची. धूर डोळ्यात गेला की मला शिव्या द्यायची, लाकडं ओली आनली म्हणून. आन मग पाच वाजता उंबऱ्यात येऊन हाक मारायची, 'पाणी निघालंय, उठा.' एकावन्न वर्सं. मी कधी तिच्या आधी उठलो न्हाय. आजारी पडली, पाणी तापवायला पुण्यासनं सून आली, तरी खाटंवरनं तीच हाक मारायची, 'उठा, सून हाय, पाणी निघालंय.' आता मी पाचला जागा असतो. पडून ऱ्हातो. कुनी हाकच मारत न्हाय तर उठायचं कशाला?"

बाईनं पेन खाली ठेवलं होतं. म्हणाली, "आबा, हे सगळं लिहू?"

मी टोपी काढली, परत घातली.

"आबा, चोरी नक्की कशाची झालीय?"

मी उठलो. बाईनं सांगितलं, कधीही या, तक्रार घेईन. मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. बाकावर दोघं बसलेले. पोपट माझी काठी दोन्ही हातांत धरून, शाळेतल्या पोरासारखा. तात्यानं माझ्याकडं बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "काय मोडलं, आबा?"

"सकाळ मोडली," मी म्हटलं. "आन सांधनार हा."

पोपटाला हातानं काही बनवायचं म्हटलं तर अक्कल आहे. त्यानं रंगाचा एक लोखंडी डबा घेतला, मधनं नळी घातली, खाली जाळ घालायला जाळी केली आणि हौसेची तोटी त्याला झाळून बसवली. दिसायला घाण. उभा केल्यावर दारूच्या भट्टीसारखा दिसतो. पोपटाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ठरलं असं, की हौसेच्या वर्षश्राद्धापर्यंत रोज पोपटानं यायचं, जाळ घालायचा, पाणी तापवायचं आणि मला हाक मारायची.

पहिल्या दिवशी आला सात वाजता. दुसऱ्या दिवशी आला पाचला, पण पाणी असं तापवलं की कोंबडी सोलून निघावी. तिसऱ्या दिवशी ओली चिपाडं घातली. सगळ्या घरात धूर. मी खोकत बाहेर आलो आणि हौसा मला द्यायची त्या सगळ्या शिव्या त्याला दिल्या. सगळ्या पाठ निघाल्या.

हाक तर कशी मारावी? "ओ आबाऽऽ!" मी म्हटलं, "मी काय रानात हाय का? 'पाणी निघालंय, उठा' म्हन." तर त्यानं ते ट्रॅक्टरच्या सायलेन्सरसारखं म्हटलं. शेजारची दोन घरं उठली. तात्या सकाळी तपासणीला यायचा. कोपर पाण्यात बुडवायचा, सुईण बाळाचं पाणी बघते तसं, आणि म्हणायचा, "पास."

पोपटाची दारू सुटली का? नाही सुटली. कमी झाली. पाचला उठायचं तर आदल्या दिवशी किती पिणार? रविवारी अजून उशिरा येतो आणि त्याच्या तोंडाला वास असतो. मी त्याला माफ केलं का? तेही नाही केलं. तात्यानं एकदा विचारलं, तर मी म्हटलं, "माफ काय म्हनून करू? पाणी चांगलं तापवतो, एवढं म्हनीन."

असे पाच महिने गेले. मग आला दुसरा शनिवार. तात्या इंदापूरला मुलाखतीला गेला, चारच्या गाडीनं परत आला, हे मी बघितलं. आणि संध्याकाळी सूर्य बुडाला, तरी तात्या आला नाही.

मी दारात उभा. शेजारी त्यांच्या दारात उभे. पोपटाची बायको मंगल पिठाच्या हातानं बाहेर आली. "आबा, आज गिनती न्हाय व्हय?" सगळी वस्ती आपापल्या दारात उभी, कुणी आत जाईना. अंधार धरायला लागला. पोरांनी पुस्तकं उघडली नाहीत. कुणी तसं काही बोललं नाही, पण मोजल्याशिवाय आत कसं जायचं, असं सगळ्यांना झालेलं.

मी पोपटाला हाक मारली आणि दोघं लिंबापलीकडं गेलो.

दार वाऱ्यानं उघडंच होतं. तात्या मागं न्हाणीच्या दारापाशी पालथ्या बादलीवर बसलेला. बंडी घामानं ओली. हातात नवीकोरी पितळेची कडी, पायापाशी स्क्रू सांडलेले.

"काय रं, काय झालं?"

"इंदापुरात घेतली," तो म्हणाला. "ती म्हनली, गुडगे धरलेत, आता लेकीच्या घरचं जिनं चढवत न्हाईत. कडी लावा, म्हनली. म्हनून आनली. लावाया बसलो, आन हात चालंना."

मग त्यानं ते सांगितलं. सहा वर्षं विचारलं की उठून जायचा ते.

तुरुंगात दुपारीसुद्धा बंदी असते. अशाच एका दुपारी बराकीत एकाच्या छातीत दुखायला लागलं. सायकल चोरलेला माणूस. जामिनाला कुणी उभं राहिलं नव्हतं म्हणून आत. तात्या गजाबाहेर आणि किल्ली दुसऱ्याकडं, तो जेवायला गेलेला. तात्यानं ओरडून माणसं पळवली आणि गजातनं त्याचा हात धरून उभा राहिला.

"तो एवढंच म्हनत व्हता, आबा. शिपाईदादा, कडी काढा की. कडी काढा की. किल्ली येईस्तोवर हात थंड झाला. आन संध्याकाळी मी गिनती घेतली. एक कमी. वर सांगितलं. वरनं सांगितलं, बरोबर हाय, त्यो कमी धरा, टोटल मिळाली." तात्यानं कडी हातात फिरवली. "कशी मिळाली, आबा? तवापासनं रोज मोजतोय. न्हाय मिळत."

मला धीर द्यायचं जमत नाही. ते खातं हौसेकडं होतं. मी पोपटाला म्हटलं, "पेचकस हाय का?" त्याच्या खिशात होताच. त्यानं पाच मिनिटांत कडी बसवली. मी न्हाणीत गेलो, दार ओढलं आणि कडी घातली.

बाहेरनं तात्या ओरडला, "आबा!"

मी म्हटलं, "बे एके बे."

"आबा, काढा कडी!"

"बे दुने चार. बे त्रिक सहा." बाहेर त्याचं दारावर थडथड चाललेलं. बे दाहे वीस म्हणून मी कडी काढली आणि दार उघडलं. तात्या पांढराफटक.

"बगितलंस?" मी म्हटलं. "आतल्यानं घातली, आतल्यानं काढली. तुझी तितली कडी भाईरनं व्हती. ही आतनं हाय. हिची मालकीन रखमावैनी हाय, तू न्हवं. एवढी साधी गोस्ट तीस वर्सं नोकरी करून कळली न्हाय तुला?"

तो दाराकडं बघत राहिला. कडी वर, कडी खाली, असं एकदा करून बघितलं त्यानं. मग म्हणाला, "गिनती राहिली."

"बस तू. आज मी घेतो."

मी निघालो. माझ्या घरापासनं सुरुवात केली. रिकाम्या दारात उभा राहून आधी मलाच धरलं, एक. हौसेला विचारलं नाही, ती अर्धंच म्हणाली असती. मग पुढची दारं. माणसं मुकाट उभी होती, बोट केलं की आत जात होती. शेजारणीचं तान्हं पोर मंगलच्या खांद्यावर झोपलेलं, त्याला धरलं. शेवटी पोपटाला धरलं, तो माझ्या मागंच होता. परत लिंबापलीकडं आलो.

तात्या बादलीवरनं उठला. "किती?"

"बेचाळीस."

"चुकली," तो म्हणाला. "एक्केचाळीस. हौसावैनी गेल्यापासनं एक्केचाळीसच हायती. एक कुठनं वाढला?"

मी बोट त्याच्या छातीवर ठेवलं.

तो बोटाकडं बघत राहिला. सहा वर्षं आमची नऊ घरं मोजली गड्यानं, लिंबापलीकडचं दहावं घर कधी धरलंच नव्हतं. मग त्यानं हळूच बुटांच्या टाचा जुळवल्या, मान सरळ केली, आणि तीस वर्षं जे रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते स्वतः म्हणाला.

"हाजीर."

पोपट तोवर लिंबाखाली गेला होता. त्याच्या त्या सायलेन्सरच्या आवाजात तो कॅनॉलकडं तोंड करून ओरडला, "बेचाळीस! टोटल मिळाली! बंदी न्हाय!"